सासरेबुवांची चेनसॉ

विमेकाकांच्या मेहुण्यानं वडिलांची शेड रिकामी करायला काढली आणि बहिणीला फोन लावला, "ताई, तुला यातलं काही हवंय का? नाहीतर भंगारवाला दारातच उभा आहे."

"बाबांची चेनसॉ," काकू म्हणाल्या.

मेहुण्याला वाटलं, फोन बिघडला. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. रविवारी तो ते धूड गाडीच्या डिकीत घालून आला, व्हरांड्यात उतरवलं आणि चहाला नको म्हणून तडक गेला. बहीण विचार बदलेल अशी धास्ती असावी.

विमेकाका त्या वेळी पेपर वाचत होते. विमेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, गल्लीनं पाडलेलं. विमा कंपनीच्या दावे विभागात बसून लोकांचे अपघात वाचायचे आणि त्यात लोकांची चूक कुठे झाली ते शोधून काढायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. शिडीवरून पडलेले, गीझरनं भाजलेले, हँडब्रेक न लावता उतरून स्वतःच्याच गाडीखाली आलेले, असे सगळे त्यांच्या टेबलावरून गेलेले. त्यामुळे माणसानं कशाकशाला हात लावू नये याची जितकी बारीक माहिती विमेकाकांना होती, तितकी पंचक्रोशीत कुणाला नसेल. चेनसॉ या विषयावर तर त्यांचं वाचन दांडगं होतं.

"हे घरात राहणार?" त्यांनी विचारलं.

"कॉटखाली राहील," काकू म्हणाल्या आणि जुनी चादर अंथरायला गेल्या. कशाला हवंय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि काकांनीही विचारलं नाही. वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. अशा वेळी नवऱ्यानं प्रश्न विचारायचे नसतात, एवढं शहाणपण काकांकडे होतं.

त्यांच्याकडे नव्हतं ते दुसरंच काहीतरी. सासऱ्यांची लाकडाची वखार होती. त्या घरात सगळ्यांना सगळं यायचं. सासूबाई खिळा एका घावात ठोकायच्या. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेले असताना काका कॅलेंडर टांगायला म्हणून हौसेनं हातोडी घेऊन उठले, तेव्हा सासरेबुवांनी ती हळूच, फार प्रेमानं, त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बसा." पुढे नळ गळू दे, फ्यूज उडू दे, की कपाट हलवायचं असू दे, "जावईबापू, तुम्ही बसा." कुणी अपमान केला असता तर भांडता तरी आलं असतं. पण बसायला सांगणाऱ्याशी भांडणार कसं? काका बसत गेले. आता ते सासरेबुवाही राहिले नव्हते आणि त्यांची चेनसॉ मात्र आपल्याच कॉटखाली येऊन पडली होती. काकांना त्यात नियतीचा हात दिसला.

पुढच्या शनिवारी काकू मावशीकडे गेल्या. काकांनी बाह्या सरसावल्या.

यंत्र मूळचं लाल असावं. आता त्यावर तेल आणि भुसा यांचा असा थर बसला होता, की रंग कुठला आणि काट कुठला ते कळेना. काकांनी ते मोरीत नेलं. रॉकेल, भांड्यांचा साबण, सोडा, लिंबू आणि एक टूथब्रश एवढ्या सामग्रीनिशी त्यांनी दिवसभर त्याला असं घासलं, की आईनंही लेकराला घासलं नसेल. पट्टीवरची साखळी काढून तिचा एकेक दात त्यांनी वेगळा घासला. मुठीजवळून एक बारीक काळी वायर लोंबत होती. दिसायला बरं दिसेना म्हणून नेलकटरनं कापून टाकली. मग दिवाणखान्याच्या खिडकीच्या गजांसाठी आणलेला लाल ऑइलपेंट उरला होता, तो दोन हात दिला. संध्याकाळी यंत्र स्टुलावर मांडून ते जरा लांब उभे राहिले. लोहाराच्या भट्टीतून निघालेली वस्तू आता सोनाराच्या काचेत शोभेल अशी झाली होती.

काकू आल्या. स्टुलापाशी थांबल्या. काकांनी "कसं काय?" असा चेहरा करून ठेवला होता.

काकू खाली वाकल्या, यंत्राशी नाक नेलं आणि तशाच थांबल्या. मग ताठ झाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं हे काकांनासुद्धा कळलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"अगं, तुझा टूथब्रश मी नवीन आणतो..."

"टूथब्रश गेला खड्ड्यात! बाबांचा वास होता त्याला. पेट्रोलचा आणि भुशाचा. वखारीतून आले की असाच वास यायचा त्यांना. आई ओरडायची, आधी अंघोळ करा म्हणून. मी मुद्दाम आधी जाऊन बिलगायची." काकूंनी पदरानं नाक पुसलं. "कपडे सगळे धुऊन टाकले होते त्यांचे. एवढंच एक राहिलं होतं बिनधुतलेलं. आता काय येतंय? लिंबाचा वास येतोय!"

आणि त्या आत गेल्या.

त्या रात्री जेवणाच्या पानावर फक्त भांडी बोलली. काका विचार करत होते. आजवर त्यांनी नाकारलेल्या दाव्यांत सर्व प्रकारचं नुकसान होतं, पण सासऱ्याचा वास धुऊन टाकल्याचं प्रकरण त्यांच्या नजरेखालून गेलेलं नव्हतं. नुकसान कुणी केलं, हा प्रश्नच नव्हता. भरपाई कशी करायची, हा होता. पुष्कळ विचाराअंती ते या निष्कर्षाला आले, की वास यंत्राचा नसतो, कामाचा असतो. यंत्र चाललं, लाकूड कापलं गेलं, की वास आपोआप येईल. म्हणजे यंत्र चालवायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात यंत्र जमिनीवर ठेवलं, पायानं दाबलं आणि सुरू करायची दोरी ओढली.

चेनसॉची दोरी ओढणं हे वाचायला सोपं वाटतं. पहिल्या झटक्यात काहीच झालं नाही. दुसऱ्या झटक्यात काकांच्या खांद्यात काहीतरी झालं. तिसऱ्या झटक्यात दोरी अर्ध्यातच अडकली आणि काका मात्र ठरल्याप्रमाणे मागे गेले. ते तुळशीएवढ्या उंचीच्या कुंडीवर बसले. कुंडी राहिली, तिच्यातलं गुलाबाचं रोप राहिलं नाही.

"कमरेतून ओढा, कमरेतून!" कुंपणापलीकडून आवाज आला.

हे कर्नल. कर्नल पोस्टातून निवृत्त झाले होते. कर्नल ही पदवी त्यांच्या मिशांना होती. जगातल्या कुठल्याही कामाची त्यांना फक्त एकच पद्धत माहीत असे, आणि ती समोरचा करतोय त्याच्या नेमकी उलट असे.

"कमरेतून ओढलं तर कंबर जाईल," काका म्हणाले.

"खांद्यातून ओढून खांदा गेलाच आहे की."

काकांनी खांदा चोळला. तासाभरात कुंपणाला गल्ली लागली. कुणी म्हणालं प्लग साफ करा, कुणी म्हणालं ऊन दाखवा. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी सांगितलं, की त्यांचं मशीन अडलं की त्या त्याच्याशी गोड बोलतात. काकांनी आजूबाजूला बघून, खोकल्याचं निमित्त करून, तेही करून पाहिलं.

शेवटी यंत्र कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलं. तिथला मिस्त्री स्कूटरी दुरुस्त करायचा, पण बोलायचा असा, की एखाद्या वैद्यानं बोलावं.

"काका, याला पाणी पाजलंत का?"

"धुतलं होतं थोडंसं."

"पोटात पाणी झालंय. शिवाय याचा पडदा वाळलाय." कार्ब्युरेटर उघडून त्यानं रबराचं एक कडक झालेलं चकतं दाखवलं. "हा आता मिळायचा नाही. ज्यांनी केला ते आता नसतील. पातळ रबर आणा, कापून बसवू. गरम पाण्याची पिशवी वगैरे असली तर उत्तम."

घरातली पिशवी मागायची काकांची छाती नव्हती. घरी अजून लिंबाचा विषय मिटलेला नव्हता. पिशवी कर्नलांनी दिली. खरं तर ती त्यांच्या बायकोची होती, कर्नलीणबाईंची, आणि त्यांनी ती दिली नव्हती. पण "देशासाठी लोक काय काय देतात," असं म्हणून कर्नल ती घेऊनच आले. मिस्त्रीनं तिच्यातून एक चकती कापली आणि उरलेली पिशवी परत केली. पुढे कित्येक दिवस कर्नलीणबाई काकांशी बोलताना पोट धरून बोलत.

मिस्त्रीनं पाणी काढलं, पडदा बसवला, नवा प्लग घातला. "याचा चोक अडकतोय," तो म्हणाला, "काढून टाकलाय. नसलेला बरा. आणि रेस जरा जास्तच ठेवली आहे, मधेच बंद पडायला नको." मग त्यानं कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे थेंब सोडले आणि दोरी ओढली. यंत्र एकदा खोकलं, दोनदा शिंकलं आणि अचानक असं गरजलं, की गॅरेजसमोरचा कुत्रा जो उठला तो त्या गल्लीत परत दिसला नाही. निळा धूर निघाला. आणि काकांनी पहिल्यांदा पेट्रोलमध्ये मुरलेल्या ऑइलचा तो वास घेतला. तेवढ्यात मिस्त्रीनं भरलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचा थेंब आला की काय, यंत्र आपण होऊनच विझलं. "सवयीनं सुधारेल," मिस्त्री म्हणाला.

काका धुरानं माखलेला शर्ट घेऊन घरी आले आणि काकूंसमोर जाऊन उभे राहिले. काकूंनी वास घेतला. बराच वेळ घेतला.

"हा नुसता धूर आहे," त्या म्हणाल्या. पण आवाज नरम होता. "लाकूड हवं त्यात."

त्या दिवशी पहिल्यांदा भाजीत मीठ बेताचं पडलं.

आता लाकूड. विकतचं लाकूड आणून कापणं काकांना पटेना. सासरेबुवांच्या यंत्रानं प्रथम कापायचं ते घरचं असावं. तेव्हा कर्नल म्हणाले, "माझ्याकडे वडिलांच्या पलंगाचा पाय पडलाय. घ्या, कापा." अंगणात दोन विटांवर पाय ठेवला. गल्ली जमली. काकांनी हेल्मेट घातलं, डोळ्यांना पोहायचा चष्मा लावला, काकूंचा स्वयंपाकाचा एप्रन बांधला. असा वेश करून माणूस जे काही करील त्याचं हसंच होतं, पण त्यांच्या अनुभवात चष्मा न लावलेल्यांचं त्याहून जास्त हसं झालेलं होतं.

यंत्र सुरू झालं. काकांनी पट्टी लाकडावर टेकवली. धूर निघाला. पुष्कळ निघाला. भुसा मात्र निघेना. काकांनी जोर दिला. कर्नल ओरडले, "कमरेतून!" धूर वाढला, जळका वास सुटला, शिंपीणबाईंनी पाण्याची बादली भरून ठेवली. आणि पूर्वीप्रमाणेच यंत्र आपण होऊन विझल्यावर पाहिलं तर पलंगाच्या पायाला चीरसुद्धा गेलेली नव्हती. उलट, जिथे पट्टी घासली होती तिथे असं काळंभोर, गुळगुळीत, आरशासारखं पॉलिश चढलं होतं, की बघतच राहावं.

"साखळी उलटी आहे," मिस्त्री मान वाकडी करून म्हणाला. "दात मागं तोंड करून बसलेत. तुम्ही काढून घासलीत ना, तेव्हा उलटी बसवलीत."

"मग तू काल बघितलं नाहीस?"

"काल मी पोट बघत होतो, काका. दात हा वेगळा विभाग."

साखळी सुलटी झाली. पण कर्नलांनी पलंगाचा पाय उचलून छातीशी धरला होता. "आता हा कापायचा नाही," ते म्हणाले. "याचा दिवा करतो. दुकानात असलं पॉलिश मिळत नाही." आणि ते पाय घेऊन गेले.

राहिलं परसातलं झाड. कुंपणाच्या कोपऱ्यात एक झाड होतं, वर्षानुवर्षं एक पान न आलेलं. पक्षीदेखील त्यावर बसण्याआधी विचार करत. काकांच्या पेशाला साजेसं म्हणून त्यांनी आधी परवानगी काढायचं ठरवलं आणि रजा टाकून नगरपालिकेच्या उद्यान खात्यात गेले.

"झाड तोडायचं म्हणता," तिथले कारकून म्हणाले. "जिवंत की मेलेलं?"

"मेलेलं."

"मेलेल्याला परवानगी लागत नाही."

काका उठले.

"बसा. मेलेलं आहे हे कुणी ठरवलं?"

"मी. म्हणजे दिसतंच की."

"तसं दिसायला मीही दिसतो दुपारी," कारकून म्हणाले. "मेलंय हे आमचे निरीक्षक ठरवतात. ते येतील."

निरीक्षक आले. बारीक चणीचे, फार सभ्य गृहस्थ. झाडाभोवती त्यांनी प्रदक्षिणा घातली, खोडाला कान लावला आणि खिशातला चाकू काढून सालीवर एक नाजूक ओरखडा काढला. ओरखड्याखाली हिरवं दिसलं.

"अभिनंदन," निरीक्षक म्हणाले. "जिवंत आहे."

"अहो, पण त्याला पान नाही!"

"खचलंय बिचारं. दुर्लक्ष झालंय." त्यांनी काकांकडे असं पाहिलं, जसं काका दावेदारांकडे पाहत. "रोज पाणी घाला. शेणखत द्या. मी येऊन बघत जाईन. आणि याला काही झालं तर जबाबदारी तुमची."

त्यांनी खोडाला एक पत्र्याची पाटीही अडकवली, 'संरक्षित वृक्ष'. अशा रीतीनं जे झाड कापायला काका रजा घेऊन गेले होते, त्याला ते रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी बादलीभर पाणी घालू लागले. कुंपणापलीकडून कर्नल म्हणत, "बुंध्याशी नको, बुंध्यापासून लांब घाला." काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आणि त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हले. पण चेनसॉ पुन्हा कॉटखाली गेली होती, आणि तिच्यावर हात फिरवायला काकू आता वाकत नसत. ते काकांना दिसत होतं आणि पाण्याच्या बादलीपेक्षा तेच जड वाटत होतं.

मग एका पहाटे वारा सुटला. नुसता वारा, पण असा की पत्रे टाळ्या वाजवायला लागले. उजाडलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या थोरल्या झाडाची एक फांदी रस्त्यावर आडवी पडलेली होती. फांदी म्हणायची म्हणून, एरवी तिला कुणी झाडच म्हटलं असतं. गल्लीला दुसरं तोंड नव्हतं. गाडी जाईना, येईना. नोकरदारांना त्याचं दुःख झालेलं दिसत नव्हतं. पण कर्नलांच्या गाडीत कर्नलीणबाई डोळ्यात औषध घालून तयार बसल्या होत्या. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच सकाळी होतं. कितीदा तरी पुढे ढकललं गेलेलं, मोठ्या मिनतवारीनं मिळालेलं. कर्नल रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते आणि त्यांच्या मिशांचा पीळ उतरला होता.

"या वेळी तारीख हुकली तर पुन्हा कधी देतील कुणास ठाऊक," ते हळूच म्हणाले. "तिला आता माझा चेहरा दिसत नाही हो. आवाजावरून ओळखते."

नगरपालिकेची गाडी आली, तीत आपले निरीक्षकही होते. त्यांच्या माणसांनी नवंकोरं यंत्र काढलं, दोरी ओढली, पुन्हा ओढली. काका दारातून बघत होते. चौथ्या-पाचव्या झटक्याला तो माणूस मागे जाऊन बसला तेव्हा काकांच्या तोंडून निघून गेलं, "कमरेतून ओढा." आणि मग ते घरात वळले. काकू कॉटशी वाकून यंत्र बाहेर ओढतच होत्या.

"टाकी भरलेली आहे," त्या म्हणाल्या. "मी काल भरून ठेवली, तेवढाच वास. पेट्रोल मिस्त्रीकडून नवं आणलं, कपड्यातून गाळून घेतलं."

"तू?"

"मला येतं ते. तुम्ही चष्मा लावा."

हेल्मेट, पोहायचा चष्मा आणि एप्रन अशा थाटात काका फांदीपाशी गेले. कुणी हसलं नाही. त्यांनी थेंब सोडले, यंत्र पायाखाली दाबलं आणि दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात यंत्र गरजलं. पट्टी टेकताच पिवळाधम्मक भुसा फवाऱ्यासारखा उडाला, काकांच्या मिशीवर, एप्रनवर, निरीक्षकांच्या काळ्या बुटांवर. फांदीत पट्टी लोण्यात सुरी जावी तशी गेली. काका अगदी शांत होते. अपघाताच्या जितक्या तऱ्हा त्यांनी वाचल्या होत्या त्या सगळ्या त्यांना आठवत होत्या, आणि त्यांतली एकही ते करत नव्हते. पाय फाकलेले, कोपर अंगाशी, लाकूड पट्टीला चिमटा घेणार तिथे वरून थोडं, मग खालून. मधला तुकडा सुटला, माणसांनी लोटला, आणि कर्नलांची गाडी हॉर्न वाजवत त्या फटीतून निघून गेली. मागच्या सीटवरून कर्नलीणबाईंनी आवाजाच्या दिशेनं हात हलवला.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. काकांनी मान लववली आणि बंद करायचं बटण दाबलं.

यंत्र बंद झालं नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. उलटं दाबलं. नखानं दाबलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे एक बारीक काळी वायर आणि एक नेलकटर उभं राहिलं. असल्या प्रकरणाच्या समासात ते स्वतः एकच शब्द लिहीत आले होते: निष्काळजीपणा.

"चोक ओढा!" मिस्त्री धावत येत ओरडला. मग त्याला आठवलं की चोक त्याच्याच खिशात आहे. त्यानं प्लगची टोपी काढायला हात घातला, आणि विजेचा असा झटका खाल्ला, की तो काही वेळ वैद्यकी विसरला. खाली ठेवावं, तर वाढवलेल्या रेसमुळे साखळी फिरतच होती. ते जमिनीवर ठेवलं असतं तर स्वतःच गल्लीभर फिरून आलं असतं. पेट्रोल संपेपर्यंत हातात धरून उभं राहणं एवढाच मार्ग होता.

"मग उभे कशाला राहताय?" शिंपीणबाई कानाशी येऊन किंचाळल्या. "कापत राहा!"

काकांनी उरलेली फांदी कापली. तिचे ओंडके केले, ओंडक्यांच्या चकत्या केल्या. लाकूड संपलं, पेट्रोल संपेना. तेव्हा शिंपीणबाईंनी घरातून मोडका पाट आणला. कापला. कुणीतरी वाळवी लागलेली चौकट आणली. कापली. मग गल्लीला चेव चढला. मोडक्या खुर्च्या, बाजेचे पाय, जुन्या शटरच्या फळ्या, वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली आणि टाकवत नाहीत म्हणून जपलेली लाकडं घेऊन लोक रांगेत उभे राहिले. एका गृहस्थानं एक चांगलं टेबल आणलं. त्याची बायको मागून धावत आली आणि टेबल परत नेलं. ते सासूबाईंचं होतं. काका वळले की रांग वळे. एकदा वळताना त्यांचं तोंड आपल्या परसाकडे झालं, तशी निरीक्षकांनी धावत जाऊन संरक्षित वृक्षाला मिठी मारली.

भुशाच्या ढगात काका उभे होते. कान सुन्न, पण कुणी त्यांना बसा म्हणत नव्हतं. तेवढ्यात काकू गर्दीतून पुढे आल्या. त्या काहीतरी बोलत होत्या, पण यंत्राच्या आवाजात काही ऐकू येईना. काकांनी मान हलवून खूण केली, कळत नाही. काकूंनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळी ताकद एकवटून ओरडल्या. आणि नेमकं त्याच क्षणी पेट्रोल संपलं.

त्या अफाट शांततेत सबंध गल्लीनं ऐकलं:

"...इतके छान दिसताय!"

कुणीतरी खोकलं. निरीक्षकांनी झाड सोडलं. काकू लालेलाल झाल्या, पदर डोक्यावर घेतला आणि घरात पळाल्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतही काकांनी त्यांना असं पळताना पाहिलं नव्हतं.

रांग पांगल्यावर ते हळूहळू घरी आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर यंत्र ठेवून बसले. बोटं मुठीतून सुटत नव्हती. काकू चहा घेऊन आल्या.

"आधी अंघोळ करतो," काका म्हणाले. "नखशिखांत भुसा झालाय."

"काही नको," काकू म्हणाल्या. "चहा घ्या." मग त्या पायरीवर बसल्या. वारा कुठून येतोय ते पाहून, जागा बदलून, काकांच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. त्यांनी कपातला चहा बशीत ओतला, काकांच्या तोंडाशी धरला आणि स्वतः डोळे मिटून घेतले. काकांनी चहा संपला हेही सांगितलं नाही, रिकामी बशी तशीच ओठांशी राहू दिली.

फोन वाजला. काकूंनी उचलला आणि काकांच्या कानाशी धरला. पलीकडे कर्नल होते, आणि त्यांच्या आवाजात जरब परत आलेली होती.

"आम्ही वेळेवर पोचलो. पण डोळ्यांचे डॉक्टर घरीच अडकलेत. त्यांच्याही गल्लीच्या तोंडाशी झाड पडलंय! नगरपालिकेचं यंत्र तुम्हाला माहीतच आहे. मी त्यांना सांगितलंय, आमच्याकडे माणूस आहे. मिस्त्रीचा टेम्पो घ्या आणि निघा."

"अहो, पण ते बंद होत नाही!" काका म्हणाले.

उत्तर कर्नलांकडून आलं नाही. काकू उठल्या होत्या. त्यांनी पदर खोचला, कोपऱ्यातला पेट्रोलचा डबा हलवून बघितला आणि चपला घातल्या.

"बंद होत नसलं तर डॉक्टरांच्या गल्लीतही मोडक्या खुर्च्या असतीलच," त्या म्हणाल्या. "उठा. धार मी लावते वाटेत."